पेट्या आधी, माणसे मागून: नागपूरहून जर्मनीला सामान पाठवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या प्रतापनगर भागात राहणाऱ्या एका यांत्रिकी अभियंत्याला 2025 च्या उन्हाळ्यात दक्षिण जर्मनीतील एका कारखान्यात नोकरी मिळाली आणि 1 ऑक्टोबरपासून रुजू व्हायचे ठरले. अभियंता, त्यांची पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी असे तिघे एकाच वेळी जाणार होते, तर निवृत्त वडील आणि आई नागपुरातच राहणार होते. कंपनीने पहिल्या दोन महिन्यांसाठी एक सुसज्ज सदनिका दिली होती. कायमचे घर तेथे गेल्यावर शोधायचे होते. ओळख पटू नये म्हणून शहराचे, कंपनीचे आणि माणसांचे नाव येथे वगळले आहे.

तिकिटे काढताना कुटुंबाने एक निर्णय चांगला घेतला होता. नागपूर ते मुंबई वेगळे तिकीट आणि मुंबईहून पुढे वेगळे तिकीट घेतले असते तर काही हजार रुपये वाचले असते. परंतु देशांतर्गत उड्डाणात माणशी 15 किलोच सामान मिळते आणि तिकिटे स्वतंत्र असली की आंतरराष्ट्रीय सवलत त्या टप्प्याला लागू होत नाही. म्हणून त्यांनी नागपूर–दोहा–जर्मनी असे एकाच आरक्षणाचे तिकीट घेतले. माणशी 30 किलो म्हणजे तिघांचे मिळून 90 किलो सामान नागपूरच्या काउंटरवर दिले की थेट जर्मनीत मिळणार होते.

घरातील यादी मात्र 90 किलोंत बसत नव्हती. थंडीचे कपडे, रजया, मिक्सर, कुकर, पोळपाट-लाटणे, मुलीची पुस्तके, एक हार्मोनियम, वर्षभराचे तिखट-मसाले अशी ती वाढत गेली. जे मावत नाही ते आधी पाठवून द्यावे, म्हणजे आपण पोचू तेव्हा पेट्या घरी हजर असतील, असा विचार वडिलांनी मांडला आणि तो सर्वांना पटला. हॉलमध्ये 60×45×45 सेंटिमीटरच्या सहा पुठ्ठ्याच्या पेट्या भरल्या गेल्या. पोळ्याच्या आठवड्यात, म्हणजे प्रवासाच्या सुमारे तीन आठवडे आधी, त्यांपैकी दोन पेट्या सीताबर्डीवरील एका कुरियर एजंटाकडे देण्यात आल्या. उरलेल्या चार गणपतीनंतर द्यायच्या होत्या.

अडचण

एजंटाने आधार आणि पासपोर्टच्या प्रती घेतल्या, पेट्यांचे वजन केले आणि सीमाशुल्काच्या कागदावर काय लिहायचे असे वडिलांनी विचारल्यावर सांगितले, “काका, गिफ्ट लिहून टाका ना, काही नाही होत.” त्यानुसार दोन्ही पेट्यांवर भेटवस्तू, वापरलेले कपडे, किंमत 40 डॉलर असे लिहिले गेले. पाठवणारे वडील, घेणारा मुलगा, पत्ता त्या तात्पुरत्या सदनिकेचा.

पेट्या आठवडाभरात जर्मनीत पोचल्या आणि तेथेच थांबल्या. कुरियर कंपनीचा ईमेल आला तेव्हा अभियंता अजून नागपुरातच होते. सीमाशुल्क कार्यालयाला भेटवस्तूचा खुलासा, वस्तूंची तपशीलवार यादी आणि घेणाऱ्याच्या तेथील वास्तव्याचा पुरावा हवा होता. वास्तव्याचा पुरावा असणे शक्यच नव्हते, कारण माणूस तेथे पोचलेलाच नव्हता. मोफत साठवणुकीची मुदत संपल्यावर दररोज भाडे लागेल आणि उत्तर न आल्यास पेट्या परत पाठवल्या जातील, असेही त्यात नमूद होते. या टप्प्यावर कुटुंबाने माझ्याकडे विचारणा केली.

पेट्यांमध्ये खरोखर काय होते हे विचारल्यावर चित्र अधिक अवघड झाले. पहिल्या पेटीत वापरलेले कपडे, मिक्सर, भांडी आणि मुलीची पुस्तके होती. दुसऱ्या पेटीत गांधीबागेतून नव्याने आणलेली दोन ब्लँकेटे, घरचे साजूक तूप, कार्यालयातील नव्या सहकाऱ्यांना देण्यासाठी खव्याची संत्रा बर्फी, पापड, सांडगे, तिखट, सावजी मसाला आणि पत्नीच्या थायरॉइडच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा साठा होता. गोळ्या पेटीत टाकण्यामागे विचार असा की प्रवासात बॅग हरवली तरी औषध तिकडे सुरक्षित असेल.

यात तीन स्वतंत्र प्रश्न गुंतलेले होते आणि कुटुंब त्यांना एकच समजत होते. पहिला प्रश्न कागदावरील वर्णनाचा. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून एका खासगी व्यक्तीने दुसऱ्या खासगी व्यक्तीला पाठवलेली भेट 45 युरोपर्यंत करमुक्त असते. परंतु स्वतःचेच घरसामान वडिलांच्या हातून स्वतःलाच पाठवणे ही भेट ठरत नाही, आणि मिक्सरसह भरलेल्या मोठ्या पेटीची किंमत 40 डॉलर यावर कोणीही अधिकारी विश्वास ठेवणार नाही. दुसरा प्रश्न निषिद्ध वस्तूंचा. दूध आणि मांस यांपासून बनलेले पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला सोबत नेता येत नाहीत आणि टपाल-कुरियरनेही पाठवता येत नाहीत. तूप आणि खव्याची मिठाई त्यातच मोडते. औषधांचा नियम आणखी वेगळा आहे: स्वतःच्या गरजेपुरती, साधारण तीन महिन्यांची औषधे प्रवासी सोबत नेऊ शकतो, पण युरोपबाहेरून पार्सलने औषध मागवण्याची मुभा खासगी व्यक्तीला जर्मनीत नाही. म्हणजे जी वस्तू हातातल्या बॅगेत निर्धोक होती तीच पेटीत गेल्यामुळे बेकायदा झाली. तिसरा प्रश्न वेळेचा, आणि माझ्या मते या प्रकरणाचे मूळ तेथेच आहे.

राहण्याचे ठिकाण बदलणाऱ्या माणसाच्या घरसामानाला युरोपीय संघ सीमाशुल्क आणि करातून सूट देतो. हा नियम 2009 च्या 1186 क्रमांकाच्या विनियमात आहे. अटी थोडक्यात अशा: माणूस किमान 12 महिने संघाबाहेर राहत असला पाहिजे, वस्तू किमान सहा महिने त्याच्या वापरात असल्या पाहिजेत, त्या तेथे वास्तव्य सुरू केल्यापासून 12 महिन्यांच्या आत आल्या पाहिजेत, आणि सूट मिळाल्यावर पुढील 12 महिने त्या विकता, भाड्याने देता किंवा दुसऱ्याला वापरायला देता येत नाहीत. जर्मनीत यासाठी 0350 क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि त्यासोबत नगरपालिकेतील पत्तानोंदणीचा दाखला, नोकरीचा करार आणि वस्तूंची यादी जोडावी लागते. कुटुंबाचे बहुतांश सामान या सवलतीत सहज बसत होते. मात्र पत्तानोंदणी तेथे राहायला गेल्यानंतरच होते, आणि घरमालकाने लेखी दुजोरा दिल्याखेरीज होत नाही. माणसाआधी पोचलेल्या पेटीला लागणारा मुख्य कागद त्या वेळी जन्मालाच आलेला नसतो.

समोर असलेले पर्याय

अडकलेल्या दोन पेट्यांबाबत चार मार्ग होते. भेटवस्तूच्या म्हणण्यावर ठाम राहायचे. पेट्या परत मागवायच्या. सामानावर पाणी सोडायचे. किंवा वर्णन चुकले असे लेखी कळवून ते घरसामान म्हणून नोंदवायचे आणि दाखला येईपर्यंत मुदत मागायची.

परत मागवणे वाटते तितके सरळ नसते. परतीचे भाडे पाठवणाऱ्याच्या माथी येते, आणि ती पेटी भारतात पुन्हा एकदा सीमाशुल्कातून जाते. सामान सोडून द्यायचे तर मिक्सर आणि मुलीची पुस्तके यांचे मोल भाड्यापेक्षा जास्त होते. भेटवस्तूवर ठाम राहण्याचा मोह वडिलांना होता, कारण एजंट तेच सांगत होता आणि एवढ्यात कोण पेटी उघडतो असा त्याचा युक्तिवाद होता. परंतु यादी मागितली गेली म्हणजे पेटी उघडली जाण्याची शक्यता दाट झाली होती, आणि खोटे वर्णन पुन्हा लेखी देणे म्हणजे साध्या चुकीला फसवणुकीच्या हेतूचे रूप देणे होते. ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या युरोपीय वास्तव्य-परवान्यावर) नुकत्याच जाणाऱ्या माणसाने आपली पहिली सरकारी नोंद अशी करून घेऊ नये, एवढेच मी सांगितले.

पाचवा मार्ग कायद्यात आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. त्याच विनियमाप्रमाणे, माणूस पोचण्याआधीही सामान सवलतीत आणता येते; त्यासाठी सहा महिन्यांच्या आत तेथे वास्तव्य सुरू करण्याची लेखी हमी द्यावी लागते आणि सीमाशुल्क कार्यालय ठरवील तेवढी तारण रक्कम ठेवावी लागते. सामान आधी पाठवण्याची वाट खुली आहे, पण ती पाठवण्यापूर्वी धरायची असते. व्यावसायिक स्थलांतर कंपन्या ती धरतात; दोन पेट्या घेऊन जाणाऱ्या कुरियरच्या यंत्रणेत ती बसवणे फार कठीण. या प्रकरणात वेळ निघून गेली होती.

हॉलमध्ये उरलेल्या चार पेट्यांचे गणित वेगळे होते. कुरियरचा दर किलोमागे 650 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असा होता. एजंटाने तोंडी हिशेब प्रत्यक्ष वजनावर सांगितला होता. बिल मात्र आकारमानाच्या वजनावर आले होते. कुरियर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची यांच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला 5000 ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा मोठा असेल तर तोच धरतात. 60×45×45 च्या पेटीचे असे वजन 24.3 किलो येते, जे अर्ध्या किलोच्या पुढच्या टप्प्यावर 24.5 धरले जाते. पेटीत भरलेले सामान सरासरी 16 किलोच होते. म्हणजे दर पेटीला 12,272 रुपयांऐवजी 18,791 रुपये पडत होते आणि साडेसहा हजार रुपये निव्वळ हवेचे जात होते.

समुद्रमार्गाचा पर्याय वडिलांनी सुचवला होता. समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाल्यापासून नागपूरचा ट्रक 701 किलोमीटर अंतरावरील आमण्यापर्यंत झटपट पोचतो आणि तेथून न्हावाशेवा बंदर जवळ आहे, हे खरेच. पण या वाहतुकीत रस्त्यावरचा वेळ हा मुळात छोटा भाग असतो. दुसऱ्यांच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये पाठवायचे तर किमान एक घनमीटरचे भाडे द्यावे लागते आणि त्यांच्या सहाही पेट्या मिळून पाऊण घनमीटरही भरत नव्हत्या. शिवाय 2023 च्या अखेरपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे बहुतेक मोठी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात असल्याने प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला होता. दोन्ही बंदरांवरील हाताळणीचे शुल्क वेगळे. पूर्ण घर हलवणाऱ्याला समुद्रमार्ग परवडतो. चार पेट्यांसाठी तो विचारही फार काळ टिकला नाही.

विमान कंपनीच्या मालवाहतूक विभागातून सोबत नसलेले सामान म्हणून पाठवणे हाही एक मार्ग होता. तेथे भागाकार साधारणपणे 6000 ने होतो, म्हणून तीच पेटी 20.25 किलोंची ठरते. मात्र माल विमानतळापर्यंतच जातो, पुढे तो सोडवून आणणे घेणाऱ्याचे काम, आणि नव्या देशातील पहिल्या आठवड्यात भाषा न येणाऱ्या माणसाने मालवाहतूक टर्मिनलवर खेपा घालणे हा खर्च कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.

टपाल खात्याची आंतरराष्ट्रीय पार्सल सेवा सर्वांनी सुरुवातीला हसण्यावारी नेली होती. सिव्हिल लाइन्समधील जीपीओमधून पार्सल पाठवताना सीएन 23 हे घोषणापत्र भरावे लागते, दर कुरियरपेक्षा कमी असतो आणि वेळ जास्त लागतो. तिचा एक गुण मात्र या कुटुंबाच्या उपयोगाचा होता. जर्मनीत टपालाने आलेले आणि खुलासा हवा असलेले पार्सल जवळच्या सीमाशुल्क कार्यालयात ठेवले जाते, घेणाऱ्याला पत्र येते आणि तो स्वतः कागदपत्रे घेऊन गेला की त्याच्यासमोर पेटी उघडली जाते. आपल्या सामानाजवळ आपण उभे असणे हे ईमेलवरच्या दहा खुलाशांपेक्षा अधिक सोयीचे ठरते.

शेवटचा पर्याय न पाठवण्याचा. हा पर्याय यादीत सर्वांत खाली लिहिला जातो, जरी तो सर्वांत आधी तपासायला हवा.

निर्णय

पहिल्या निर्णयावर घरात मतभेद झाला. वडिलांना वाटत होते की आपण लिहून दिलेले आपणच खोटे ठरवले तर दंड होईल. सून म्हणाली, “बाबा, त्यांनी पेटी उघडली तर तूप दिसणारच आहे, मग आपणच आधी सांगितलेले बरे.” अखेर अभियंत्याने स्वतः पत्र लिहिले: हे सामान भेट नसून स्थलांतराचे घरसामान आहे, पाठवताना वर्णन चुकीचे लिहिले गेले, दुसऱ्या पेटीत दुग्धजन्य पदार्थ आणि औषधे आहेत ती नष्ट करण्यास संमती आहे, ब्लँकेटे नवी आहेत आणि त्यांवर लागू होईल तो कर भरण्याची तयारी आहे. सोबत नोकरीचा करार, तिकिटे आणि वस्तूनिहाय यादी जोडली. पत्तानोंदणीचा दाखला येईपर्यंत मुदत मागितली.

यादी कशी लिहावी यावर आम्ही बराच वेळ घालवला. ‘घरगुती वस्तू’ किंवा ‘वैयक्तिक सामान’ असे ढोबळ शब्द आता चालत नाहीत. युरोपीय संघाच्या पूर्वसूचना प्रणालीत वर्णन नेमके नसेल तर माल तेथेच थांबतो. म्हणून ‘सुती शर्ट, वापरलेले, 9’, ‘मिक्सर, 230 व्होल्ट, 2021 मध्ये घेतलेला, 1’ अशी ओळ प्रत्येक वस्तूला दिली आणि किंमत आजच्या जुन्या बाजाराची लिहिली. किंमत शून्य लिहू नये. वापरलेल्या वस्तूलाही काही मोल असते आणि शून्य आकडा संशय ओढवून घेतो.

दुसरा निर्णय चार पेट्यांचा. येथे एक साधे तत्त्व कामी आले: विमान कंपनी सामानाचे वजन मोजते, कुरियर कंपनी त्याने अडवलेली जागा मोजते. म्हणून जे हलके पण फुगीर आहे ते सुटकेसमध्ये आणि जे जड पण आटोपशीर आहे ते पेटीत गेले पाहिजे. कुटुंबाने नेमके उलटे केले होते. रजया आणि लोकरीचे कपडे पेट्यांत होते, तर भांडी आणि पुस्तके सुटकेसमध्ये, कारण भांडी फुटतील अशी भीती होती. अदलाबदल झाली. रजया हवा काढलेल्या पिशव्यांतून सुटकेसमध्ये गेल्या. भांडी आणि पुस्तके 50×40×40 च्या पेट्यांत भरली. अशा पेटीचे आकारमानाचे वजन नेमके 16 किलो येते, म्हणजे 16 किलो भरले की एक रुपयाही वाया जात नाही.

मग काय वगळायचे ते ठरले. ॲल्युमिनियमचा कुकर राहिला, कारण सदनिकेतील शेगडी इंडक्शनची होती आणि त्यावर ॲल्युमिनियम तापत नाही. मिक्सरबद्दल शंका होती. पण जर्मनीतही भारतासारखाच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा पुरवठा असल्याने प्लगचा ॲडॅप्टर सोडल्यास काही लागत नाही आणि तेथील मिक्सर आपले वाटण करीत नाहीत, म्हणून पहिल्या पेटीतला मिक्सर हा योग्यच निर्णय होता. पॉवर बँक एका पेटीत सापडली ती काढून केबिन बॅगेत घातली. सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून जाऊ शकत नाही आणि चेक-इन सामानातही चालत नाही, तर 100 वॉट-अवरपर्यंतची हातातल्या बॅगेत चालते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही निघाल्या. खोबरे हे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालाच्या वर्गात येते हे ऐकून अभियंत्याच्या आईंना हसू आले, पण विमान वाहतुकीच्या नियमांत त्याला यूएन 1363 हा क्रमांक आहे. मसाल्यासाठी ठेवलेली खसखसही राहिली. ती संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांत गणली जाते आणि आखाती देशातून विमान बदलणाऱ्या नागपूरकराने ती सामानात ठेवण्याचे कारण नाही.

मूळ पदव्या, मुलीचा जन्मदाखला, विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र आणि दागिने कोणत्याही पेटीत गेले नाहीत. हवाई मालाचे नुकसान झाल्यास माँट्रियल करारानुसार वाहतूकदाराचे दायित्व वजनावर ठरते. 28 डिसेंबर 2024 पासून ते किलोमागे 26 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे. शंभर ग्रॅमच्या पदवीचे मोल त्या सूत्रात काहीच निघत नाही.

अदलाबदल आणि छाटणी झाल्यावर चारांच्या दोनच पेट्या उरल्या. त्या आधी न पाठवता पत्तानोंदणीनंतर वडिलांनी पाठवायच्या, एक कुरियरने आणि एक टपालाने, असे ठरले. दोन्ही मार्ग वापरण्यामागे तुलना करण्याचा हेतू नव्हता; पुस्तकांची घाई नव्हती आणि भांड्यांची होती, इतकेच.

प्रत्यक्षात काय घडले

कुटुंब सप्टेंबरच्या मध्यावर पोचले. पत्तानोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करायची असते, पण कार्यालयाची वेळ लगेच मिळेलच असे नाही. येथे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाची मदत झाली. तात्पुरत्या सदनिकेच्या मालकाने दुजोरा देण्यास सुरुवातीला कां-कूं केले, कारण थोड्या काळाच्या भाडेकरूंसाठी असा कागद देण्याची त्याची पद्धत नव्हती. कंपनीने पत्र दिल्यावर तो तयार झाला. दाखला हाती आला त्याच दिवशी 0350 चा अर्ज कुरियर कंपनीच्या सीमाशुल्क विभागाकडे गेला.

पहिली पेटी करमुक्त सुटली. दुसऱ्या पेटीतील तूप, बर्फी आणि गोळ्या काढून घेण्यात आल्या, नव्या ब्लँकेटांवर सीमाशुल्क आणि 19 टक्के आयात-मूल्यवर्धित कर लागला, पापड आणि मसाले सुटले. दंड झाला नाही. साठवणुकीचे भाडे मात्र महिनाभराचे भरावे लागले आणि ते ब्लँकेटांच्या किमतीपेक्षा अधिक होते.

त्यानंतरही पेट्या दोनदा दारावरून परत गेल्या. जर्मनीत पार्सल पोचवणारा माणूस सदनिकेचा क्रमांक शोधत नाही, घंटीवरील आणि पत्रपेटीवरील आडनाव शोधतो. तात्पुरत्या सदनिकेवर भाड्याने देणाऱ्या कंपनीचे नाव होते. वडिलांनी लिहिलेल्या पत्त्यात मजला, सदनिका क्रमांक आणि शेजारच्या दुकानाची खूणसुद्धा होती, पण त्या कंपनीच्या मार्फत असा उल्लेख नव्हता. घंटीशेजारी कागदाची पट्टी चिकटवल्यावर तिसऱ्या वेळी पेट्या मिळाल्या.

मागून पाठवलेल्या दोन पेट्यांचा अनुभव अगदी साधा आहे आणि म्हणून त्याबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. कुरियरची पेटी अर्ज आणि दाखला आधीच जोडलेला असल्याने काही दिवसांत आली. टपालाच्या पेटीला पाच आठवड्यांच्या आसपास लागले. अभियंता पत्र घेऊन सीमाशुल्क कार्यालयात गेले, पेटी उघडली गेली, अधिकाऱ्याने मराठी बालपुस्तके चाळली आणि पेटी दिली.

पत्नीच्या गोळ्यांची अडचण झाली नाही, कारण तीन महिन्यांचा साठा डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केबिन बॅगेतही होता. तो आईच्या आग्रहामुळे घेतला गेला होता. पुढचे औषध तेथील डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळाले.

वेगळे काय करता आले असते

कुटुंबाचे म्हणणे आहे की एजंट नीट असता तर हे घडले नसते. मला ते अर्धेच पटते. एजंटाने गिफ्ट लिहायला सांगणे चुकीचे होते आणि बिलाचा हिशेब लपवणे त्याहून चुकीचे. परंतु अगदी अचूक वर्णन लिहून पाठवलेली पेटीदेखील सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच ठिकाणी अडली असती, कारण दाखला नव्हता. फरक पडला असता तो विश्वासाच्या पातळीत आणि खुलाशांच्या संख्येत.

सामान खरोखरच आधी पोचायला हवे असेल, तर माझ्या मते एकच जागा विचारात घेण्यासारखी आहे: जेथे ते स्वीकारायला ओळखीचा, घंटीवर नाव असलेला माणूस आहे आणि हमी व तारणासह सवलतीचा अर्ज आधीच दाखल झालेला आहे. या कुटुंबाकडे दोन्ही नव्हते. अशा वेळी पहिल्या महिन्याची गरज 90 किलोंत बसवणे, कमी पडल्यास विमान कंपनीचे जादा वजन प्रवासाआधी ऑनलाइन विकत घेणे (काउंटरवरचा दर बहुधा बराच जास्त असतो) आणि बाकीचे दाखल्यानंतर मागवणे हा क्रम स्वस्त पडला असता. जादा वजन घेताना एका नगाचे वजन 32 किलोंच्या वर जाऊ नये, एवढी काळजी पुरे.

सून याच्याशी पूर्ण सहमत नाही. लहान मुलीला नव्या घरात पहिल्या आठवड्यात स्वतःची पुस्तके हवी होती आणि ती पोचली महिन्यानंतर, याचे वाईट तिला आजही वाटते. पुन्हा वेळ आली तर ती एक सुटकेस केवळ मुलीच्या वस्तूंची करील आणि रजया तेथेच विकत घेईल. तिचे म्हणणे रास्त आहे. आपण यादी करताना किमतीचा आणि वजनाचा रकाना करतो, पण कोणती वस्तू उशिरा आली तर घरातले कोण हिरमुसेल हा रकाना करीत नाही.

कायमच्या घराबद्दलही एक गोष्ट सुटली होती. तात्पुरत्या सदनिकेतून दोन महिन्यांनी हलताना पत्ता पुन्हा नोंदवावा लागला. सवलतीची 12 महिन्यांची मुदत मात्र पहिल्या वास्तव्यापासूनच मोजली जाते, म्हणून ती सप्टेंबर 2026 मध्ये संपेल.

हार्मोनियम अजून नागपुरात आहे. ते वडिलांच्या तरुणपणापासून घरात असले तरी वाजवते सून, म्हणून तिच्या वापरातील वस्तू म्हणून ते यादीत बसू शकते. पुठ्ठ्याच्या पेटीत पाठवण्यास दुरुस्ती करणाऱ्याने नकार दिला आहे आणि लाकडी पेटी करायची तर लाकूड आंतरराष्ट्रीय नियमानुसार उष्णतेची प्रक्रिया करून शिक्का मारलेले लागते. पेटीसह त्याचे आकारमानाचे वजन प्रत्यक्ष वजनाच्या जवळपास दुप्पट होते. मे महिन्यात आई-वडील मुलाकडे जाणार आहेत; तेव्हा ते त्यांच्या तिकिटावर चेक-इन सामान म्हणून न्यायचे, की मुदत संपण्याआधी टपालाने पाठवायचे, यावर घरात अजून बोलणे चालू आहे. सोबत नेल्यास त्यावरचा खुलासा विमानतळावर लाल मार्गिकेत (सामान जाहीर करायचे असलेल्यांच्या रांगेत) द्यावा लागेल, आणि त्यासाठी 0350 च्या मूळ यादीत हार्मोनियमची ओळ नंतर येणारी वस्तू म्हणून आधीच लिहून ठेवलेली आहे.